लोकरीनं बांधलेलं इंजिन

छताचा पंखा बंद केला तरी तो लगेच थांबत नाही, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. बटण दाबून तुम्ही आपापल्या कामाला निघून जाता. मी जात नाही. त्याची पाती वेगवेगळी दिसू लागेपर्यंत मी पलंगावर बसून वर बघत राहते. सुनेला वाटतं, सासूबाईंची मान पुन्हा धरली. धाकट्या नातवाला वाटतं, आजी देवाचं नाव घेतेय. मी दोघांनाही तसं वाटू देते, कारण खरं कारण सांगायची माझ्या वयाला लाज वाटते. फिरणारी वस्तू बंद केली आणि ती खरोखर थांबली, या दोन गोष्टींच्या मधला जो वेळ असतो ना, त्याला मी भिते. विंचवाला भीत नाही, यमाला तर बिलकुल नाही. पण त्या मधल्या वेळाला मात्र अजून भिते.

आमची पिठाची गिरणी होती. गाव घनसावंगी तालुक्यात, तीर्थपुरीच्या वाटेवरचं. नाव सांगत नाही, कारण तिथली निम्मी माणसं मला ओळखतात आणि उरलेल्या निम्म्यांची उणीदुणी मला ठाऊक आहेत. आमच्या आधीच्या सगळ्या पिढ्या मेंढरांमागं हिंडल्या. माझे वडील, आबा, हे घराण्यातले एका जागी बसलेले पहिले. त्यांनी कळप विकून कुणाच्या तरी विहिरीवरचं जुनं ऑइल इंजिन आणलं, घराला लागून पत्र्याची एक लांबोडी शेड ठोकली, दाराशी चक्की मांडली आणि मागच्या बाजूला इंजिन. दोघांच्या मधे चामड्यासारखा जाड पट्टा. गावानं तोंडात बोटं घातली. धनगराचं पोर यंत्र चालवणार म्हणून पारावर हसणारे लोक पुढच्याच महिन्यात डोक्यावर पाट्या घेऊन आमच्या दारात रांगेला उभे राहिले.

इंजिनाचं धुराडं पत्र्यातून वर काढलेलं होतं आणि त्याच्या तोंडावर एक लहानशी टोपी होती. त्या टोपीतून कुक्, कुक्, कुक् असा आवाज पार नदीकडच्या उसापर्यंत जायचा. तो ऐकून रानातल्या बाया म्हणायच्या, चला, गिरणी लागली. आवाज जरा जड झाला की आमची माय चुलीपुढून सांगायची, "हरभरा पडला." हलका झाला की, "बाजरी." तिचं कधी चुकलं नाही. आणि आमच्या घरची भाकरी! ती कशाची असते, ते बाहेरच्या माणसाला सांगता आलं नसतं. चक्कीच्या दगडाभोवतीच्या पाळीत दळण संपलं की थोडं पीठ मागं राही. ते संध्याकाळी झाडून घ्यायचं आणि त्याचीच भाकरी थापायची. त्यात साऱ्या गावाचं धान्य असायचं. पाटलाचा गहू, कुणाचा शाळू, कुणाचा किडका मका. येसराच्या आमटीत ती कुस्करली की लागायची फार झकास, फक्त मागून जिभेवर डिझेलचा वास यायचा. मी मोठी होईपर्यंत मला वाटायचं, ज्वारीचा वासच तसा असतो.

या सगळ्या सुखात एकच दुःख होतं, आणि ते म्हणजे ते इंजिन. त्याला दोन बाजूंना दोन ओतीव लोखंडी चाकं होती. एकाच्या शेजारून पट्टा चक्कीकडं जायचा. दुसरं भिंतीकडच्या अंगाला होतं. ते निम्मं खड्ड्यात आणि निम्मं वर, तरी माझ्या छातीला लागायचं. ते चाक आणि भिंत यांच्यामधे जेमतेम एक माणूस आडवं सरकेल एवढी वाट होती. त्या वाटेनं मागं गेलं की पाण्याचं पिंप. इंजिन तापू नये म्हणून त्या पिंपात दिवसातून कितीदा तरी घागर ओतायला लागे. माय तिथून जाताना पदर कमरेला खोचायची, लुगडं पोटऱ्यांत आवळायची, आणि पाठ भिंतीला घासत जायची. माझ्या वेण्या तर ती डोक्यावर इतक्या घट्ट बांधायची की माझ्या भुवया वर चढायच्या. शाळेतल्या फोटोत मी जन्मभर चकित झाल्यासारखी दिसते, ती त्यामुळं.

कुंभार पिंपळगावच्या बाजारात आबांना कुणी तरी सांगितलं होतं, की कुठल्याशा गावी असंच एक चाक वेगात फुटलं आणि त्याचा तुकडा पत्रा फाडून बाजरीत जाऊन पडला. आबांनी ते आम्हाला जेवताना सांगितलं. झालं. त्या दिवसापासून झोपेत माझ्या अंगावर तुकडे पडायला लागले. आणि बाहेर? बाहेर माझा रुबाब विचारू नका. शाळेतल्या पोरींना मी सांगायची, "आमचं इंजिन माझ्याबिगर चालूच होत न्हाई." ही बढाई अगदीच खोटी नव्हती, हीच तर पंचाईत होती. इंजिन सुरू करायला दोन माणसं लागायची. आबा हँडल मारायचे, आणि मी चाकाशेजारच्या दगडावर उभी राहून इंजिनाच्या डोक्यावरची एक खिट्टी वर धरायची. खिट्टी वर असली की आतला दाब निघून जातो आणि चाक फिरवता येतं. सुरुवातीला आबा सगळं अंग हँडलवर टाकायचे, तरी ते चाक म्हशीसारखं हलायलाच तयार नसे. मग हळूच हलायचं. मग जरा जास्त. आबांच्या मानेच्या शिरा फुगायच्या, चाकाचे आरे एकमेकांत मिसळायला लागायचे, आणि आबा ओरडायचे, "हां!" की मी डोळे मिटून खिट्टी खाली पाडायची. इंजिन भडकन पेटायचं. तोवर मी दगडावरून उडी मारून दाराबाहेर गेलेली असायची. पोरींना सांगताना हा शेवटचा भाग मी गाळायची.

माझी नात मुक्ता जालन्यात इंजिनिअरिंगला आहे. मागे परीक्षेच्या वेळी ती मोठ्यानं घोकत होती, तेव्हा मी विचारलं, हे काय गं चाकांचं चाललंय. ती म्हणाली, "आजी, नुसतं बळ लावून चाक फिरत नसतं. आसापासून किती लांब लावलं तेही बघायचं. त्या दोन्हींचा गुणाकार म्हणजे टॉर्क."

"आणि मंग?"

"मग चाकाचा वेग वाढत जातो. किती भराभर वाढतो, ते कोनीय त्वरण. चाक जड असेल, त्यातून वजन कडेला असेल, तर सावकाश वाढतो."

"आन वाढल्यावर?"

"वाढल्यावर तसाच राहतो. कमी करायचा तर उलटा टॉर्क लागतो."

मी म्हटलं, एवढंच? पोरी, हे तर मी परकरात असताना शिकले. पुस्तक नव्हतं एवढंच.

आता त्या दोरीकडं येते. इंजिनाच्या बाजूला एक दांडा होता. आत दोन वजनं फिरायची. इंजिन जोरात पळू लागलं की ती बाहेर फाकायची आणि तो दांडा ओढून तेल कमी करायची. म्हणजे तो दांडा इंजिनाचा लगाम. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसायचं, की तो दांडा सदानकदा थरथरतो. आबांना ते काही बघवेना. त्यांचा सगळा जन्म मेंढरांत गेलेला. थरथरणारं जनावर म्हणजे एक तर भ्यालेलं, नाही तर दृष्ट लागलेलं, आणि त्याला उपाय एकच, काळ्या लोकरीची दोरी मांडीवर उलटी वळायची आणि पायात बांधायची. आबांनी तशी दोरी वळली आणि एके दिवशी हरभऱ्याचं दळण लागलेलं असताना तो दांडा तेलाच्या नळीला आवळून टाकला. थरथर थांबली. आणि नवल असं, की हरभऱ्याला कायम धापा टाकणारं इंजिन एका दमात ओढू लागलं! आबा पागोटं मागं सारून म्हणाले, "बघा. मुकं जनावर हाये. त्याला बी धीर लागतो."

मग ती रीतच पडली. कठीण दळण आलं की दोरीची सरकगाठ आवळायची, दळण संपत आलं की सैल करायची. दळणं भराभर निघू लागली. तिथून पुढं दुसऱ्या गावच्या बायाही आमच्याकडं यायला लागल्या. माझ्या आत्यानं, म्हणजे आबांच्या विधवा थोरल्या बहिणीनं, जी आमच्यातच राहायची आणि तराजूपाशी बसायची, त्या दोरीला अमावस्येला हळदकुंकूसुद्धा वाहिलं. मी पण हात जोडले. मी तर दोन्ही डोळे मिटून जोडले, कारण उघडले असते तर चाक दिसलं असतं.

तो बाजाराचा दिवस होता. पट्ट्याचा जोड विरत चाललेला म्हणून नवा जोड बघायला आबा कुंभार पिंपळगावला गेले. निघण्याआधी त्यांनी इंजिन लावून दिलं, एका घरचं लग्नाचं हरभऱ्याचं दळण चढवलं आणि दोरी आवळली. मायला म्हणाले, "दळण सरत आलं की गाठ सैल कर, बाकी त्याला हात लावू नको." ती म्हणाली, "मी कशाला हात लावू त्या धुडाला." आणि ते जीप गाठायला गेले. चक्कीच्या तोंडाशी मी डाळ सारत होते, तराजूपाशी आत्या होती, आणि कडूबाई नावाची एक म्हातारी आपलं दळण रांगेत ठेवून उगाच बोलत बसली होती. कडूबाईची एक खोड होती, सगळ्यांच्या लग्नाची काळजी. ती मला म्हणाली, "सुबे, पिठानं केस पांढरे झाले की गं. आता तुला बिजवरच मिळतो." आत्या म्हणाली, "मिळू द्या, निदान तो चालू करायला हँडल तर लागणार न्हाई." दोघी खिदळल्या. माय घागर घेऊन मागं पाणी ओतायला गेली. ती त्या सांदीतून आडवी सरकत गेलेली मला दिसली.

आणि फट्ट असा आवाज झाला.

पट्टा सुटला होता. तो सापासारखा हवेत उसळला, भिंतीवर आपटला, आणि चक्कीच्या पायाशी मरून पडला. चक्की गुरगुरत थांबायला लागली. क्षणभर बरं वाटलं, की चला, काम थांबलं, आता आराम. मी इतकी बावळट होते की हातातली डाळ झटकून परकराच्या नाडीची गाठ नीट करायला लागले. मग माझ्या लक्षात आलं की इंजिनाचा आवाज थांबत नाही. तो वर चढतोय.

कुक्, कुक्, कुक्. मग कुक्कुक्कुक्. मग मधली जागाच संपली आणि एक लांब किंकाळी सुरू झाली. तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता आणि नंतर ऐकायची इच्छा नाही. मुक्तानं परवा मला कागदावर गोल काढून दाखवलं. इंजिनाचं बळ एकीकडं, चक्कीचं ओझं दुसरीकडं. दोन्ही बराबर, तोवर वेग तोच. ओझं गेलं की ते सगळं बळ नुसतं वेग वाढवत सुटतं. एरवी लगाम तेल तोडतो. आमचा लगाम लोकरीनं बांधलेला होता. चाक फुटलं तर तुकडा कुठं जाईल, ते दाखवायला मुक्तानं गोलाच्या कडेला एक बाण काढला आणि पुढचं गणित मांडलं. मी त्या बाणाकडं बघत राहिले. तिथं, बरोबर तिथं, माझी माय उभी होती.

चाकाचे आरे नाहीसे झाले. चाकाच्या जागी एक करडी, चकाकणारी ताटली दिसत होती आणि तिच्यातून वारा येत होता. शेडभर पीठ उधळलं. पत्रे खडखडू लागले, भिंतीची माती ढासळून पडू लागली, पायाखालची जमीन अशी बारीक हलत होती की दात वाजावेत. कडूबाई तिच्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईनं दाराबाहेर गेली आणि रस्त्यावरून बोंब मारायला लागली, "पळा गं, चाक फुटतंय!" आत्या तेवढी हलली नाही. ती ओरडत होती, "वैनी! वैनी, हिकडं या!" आणि माय त्या मागच्या कोपऱ्यात, पिंपाला पाठ लावून, हात छातीशी घेऊन उभी होती. यायचं कुठून? ती एकच वाट, आणि त्या वाटेवर लुगड्याचं टोक जरी वाऱ्यानं उडालं असतं तरी संपलं असतं. आत्यानं तेलाच्या टाकीची तोटी पिरगाळली. पण नळीत होतं ते तेल ते इंजिन पीतच राहिलं, आणि दोरीची गाठ सोडायची तर त्या चाकाला खेटूनच हात घालावा लागला असता.

मला ठाऊक होतं, खिट्टी वर उचलली की इंजिन विझतं. गावभर बढाया मारणारी इंजिनाची मालकीण मीच ना? मी गेले. खरंच गेले. दगडापर्यंत पोचले. पण खिट्टीला हात घालायचा तर त्या चाकावरून वाकावं लागणार होतं, आणि चाकाचा वारा माझ्या तोंडावर असा आला की जणू कुणी तोंडाजवळ तोंड आणून श्वास सोडतंय. माझा परकर फडफडला. मी परत फिरले. मला ते अजून लख्ख आठवतं: मी परत फिरले आणि आत्याच्या पाठीमागं जाऊन उभी राहिले. आत्याची पाठ रुंद होती, पण चाकाचा तुकडा अडवण्याइतकी नव्हती. एवढी अक्कल असती तर मी निदान चक्कीमागं तरी लपले असते.

आत्याच्या खांद्यावरून मला मायचा चेहरा दिसत होता. ती माझ्याकडं बघत होती. चाकाकडं बघायला हवं तर माझ्याकडं बघत होती, आणि हातानं खुणावत होती, जा, बाहेर जा. तेव्हा मला ते हवेचं तोंड दिसलं. इंजिन हवा ओढतं, तो पत्र्याचा डबा मागच्या अंगाला, मायच्या हाताच्या अंतरावर होता. एकदा पावसाळ्यात इंजिन बंदच होईना, तेव्हा आबांनी त्या डब्याच्या तोंडावर नुसता तळवा ठेवून ते विझवलं होतं आणि मला म्हणाले होते, "याचा बी जीव नाकात असतो." मी किंचाळले, "माय, नाक दाब त्याचं!" माझं मलाच ऐकू आलं नाही. म्हणून मी खूण केली. स्वतःचं नाक चिमटीत धरलं, तोंडावर हात दाबला आणि तिच्याकडं मान हलवली.

मायनं समजुतीनं मान डोलावली, पदराचं टोक सोडवलं आणि स्वतःच्या नाकाला लावलं. तिला वाटलं, धुरापासून नाक सांभाळ, असं मी सांगतेय.

पदर कमरेतून सुटला होता. तो उडाला. चाकाच्या वाऱ्यानं तो तिच्या खांद्यावरून पुढं, चाकाकडं निघाला. तिनं तो झटकन ओढून परत खोचला. मी रडायला लागले. मग काय सुचलं कोण जाणे, माझ्या हाताशी एक रिकामं पोतं होतं, ते मी उचललं आणि आत्याच्या तोंडावर कोंबलं. चांगलं दोन्ही हातांनी, मागं भिंतीला रेटून. आत्या धडपडली, लाथा झाडल्या, पोत्याच्या आतून मला भवानी, सटवी असं काय काय म्हणाली. मी एका हातानं तिला तशीच दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं इंजिनाकडं बोट दाखवलं. आत्या. इंजिन. आत्या. इंजिन.

मायनं एकदा आत्याकडं बघितलं, एकदा त्या डब्याकडं. पिंपावर झाकायला ओलं पोतं असायचं. ते तिनं ओढलं, घडी घातली, आणि डब्याच्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबलं. पोतं आत ओढलं गेलं. तिचे हातही त्याबरोबर ओढले जाताना मला दिसले. तिनं सगळं अंग त्यावर टाकलं, डोळे मिटले. इंजिन खोकलं. धुराड्यातून काळा लोट निघाला. पुन्हा खोकलं. मग ती किंकाळी मधोमध कापल्यासारखी तुटली.

शांतता झाली म्हणाल तर नाही. इंजिन मेलं होतं, पण चाकाला ते ठाऊक नव्हतं. चाक फिरतच होतं. आता त्याचा आवाज नव्हता, फक्त एक घोंघावणं, आणि वारा. मी आत्याच्या तोंडावरचं पोतं काढलं. तिनं मला मारायला हात उचलला आणि तो हात तसाच हवेत राहिला, कारण तीही चाकाकडं बघायला लागली. आम्ही तिघी नुसत्या बघत राहिलो. आपण जिंकलो, असं वाटायला हवं होतं. पण ती ताटली तशीच चकाकत होती. कुणी तिला बळ लावत नव्हतं, तरी ती फिरत होती, आधी जे खाल्लं त्यावरच. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. आत्याचा हात मात्र आपसूक खाली आला. मग ताटलीत अंधुक रेघा उमटल्या. मग आरे दिसले, उलटे फिरल्यासारखे. मग सुलटे. मग एकेक आरा ओळखू येऊ लागला. चाक दमत दमत आतल्या दाबाशी आलं, थबकलं, आणि थांबलं.

"या वैनी," आत्या म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "या बाहेर. थांबलं ते."

मायनं पोतं सोडलं. पाठ भिंतीला लावली. एक पाऊल त्या सांदीत टाकलं. आणि ते चाक, आतल्या दाबानं मागं ढकललं जाऊन, गदकन उलटं फिरलं. फार नाही, हातभर. पण माय किंचाळली आणि परत पिंपाला जाऊन चिकटली. आता ती आमच्याकडं बघेना. दाराशी जमलेली माणसं ओरडत होती, "या हो, काही न्हाई होत, दाब सुटतो तो." कडूबाई पण आली होती परत, आणि सगळ्यात मोठ्यानं तीच धीर देत होती. मायच्या अंगाला असं कापरं भरलं होतं की पिंपातलं पाणी हिंदकळून बाहेर सांडत होतं. ती बोलली ती फक्त एवढंच, "ते जित्तं हाये अजून."

मोठ्या बाईला, माझ्या मायला, मी तोवर भ्यालेलं पाहिलंच नव्हतं. साप मारताना नाही, पुराच्या वेळी नाही. आणि मला एकदम असं वाटलं, की ती आता त्या कोपऱ्यातून कधीच बाहेर येणार नाही. आबा येतील, रात्र होईल, गावातली माणसं बोलून दमून जातील, आणि ती तिथंच उभी राहील. मी गेले. या वेळी कुणी पाहावं म्हणून नाही. खरं तर मला कुणी पाहू नये असंच वाटत होतं, कारण माझ्या नाकातून पाणी वाहत होतं. आधी मी चाकाचा आरा धरला, मधल्या आसाजवळ. पण तिथं धरून काही कळेना, ते हललं असतं तर मला घेऊनच हललं असतं. म्हणून हात कडेला नेले, अगदी बाहेरच्या कडेला, आणि दोन्ही हातांनी ती कड मिठीत घेऊन मी लोंबकळले. पाय उचलले. गाल लोखंडाला लावला. ते कोमट होतं आणि आतून बारीक काहीतरी टिकटिकत होतं. मला वाटलं, हे आता मला घेऊन फिरणार. डोळे मिटून मी ओरडले, "मी धरलंय! ये तू!"

भिंतीवर लुगडं घासल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. मायचा श्वास माझ्या कानाशी आला, तिचा गुडघा माझ्या पाठीला लागला, आणि मग तो श्वास माझ्या दुसऱ्या कानाशी गेला. दाराकडं माणसांचा एकच गलका झाला. आत्या रडत होती आणि रडता रडता सगळ्यांना सांगत होती, की या पोरीनं माझा गळा दाबला.

मी डोळे उघडले नाहीत. कुणीतरी माझ्या खांद्याला धरलं, कुणीतरी कमरेला. मला ओढत होते, पण माझे हात सुटेनात. मी सोडायचं म्हटलं तरी बोटं ऐकत नव्हती. मग त्या बोटांवर एक ओला, पिठानं खरखरीत झालेला हात आला. माय खाली बसली होती, आणि माझं एकेक बोट लोखंडावरून उलगडत होती.

"सुबे, सोड गं."

"न्हाई. सोडलं तर फिरंल."

"फिरू दे की," माय म्हणाली. "मी हिकडं हाये आता."